एकमताची अट

सर्जापूर रोड, बेंगळुरू
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय पवित्रा अक्का,
सा. न. वि. वि.

लेकीच्या लग्नाची पत्रिका पोचली. अवधूतने ती लगेच फ्रिजवर लावलीसुद्धा. शाळेतून मला, शांताला आणि उमाला आमंत्रण आलंय, सुहासला नाही, हे लक्षात आलं. त्याबद्दल पुढे लिहिते.

शाळा तशीच आहे. तुमचे कन्नडचे तास आता उमा घेते, आणि मुलं तिला तुमच्यासारखं दमाने घ्यायला सांगतात. मी नववीला दोन महायुद्धांमधला राष्ट्रसंघ शिकवतेय. या वर्षी वर्गातच सभा भरवली. जपान मांचुरियात घुसला, इटली इथिओपियात, आणि बाकीची मुलं ठराव लिहीत बसली. इटलीला काय काय विकायचं नाही याची यादी केली, त्यात लढाई ज्यावर चालते ते तेलच नव्हतं. नेमकं खऱ्यासारखं. इथिओपिया झालेली मुग्धा शेवटी म्हणाली, "मिस, सगळ्यांना दिसत होतं ना? मग?"

मी पाठ केलेलं उत्तर दिलं. जगभर मंदी होती, कारखाने बंद, लोक बेकार, जो तो आपलं घर सांभाळत होता. महत्त्वाच्या निर्णयाला सगळ्यांचं एकमत लागायचं, ते कुठून येणार?

ती म्हणाली, "मग नंतर त्यांना लाज वाटली का?"

अक्का, हे पुस्तकात नाही. मी घंटा व्हायची वाट बघत उभी राहिले.

एप्रिलमध्ये तुमच्या घरी आपण पाच जणांनी ठरवलं होतं, आठवतं? प्रवेश कमी झालेत, कुणावर तरी गदा येणार; एकाला काढलं तर बाकीचे चारही जण राजीनामा देऊ. मजकूर मी लिहिला. 'निर्णय एकमताने' ही ओळही माझीच. तुम्ही म्हणालात, "श्वेता, स्वल्प विचार कर. एकानं मान वळवली की संपलं." मी हसून म्हटलं, एकमताशिवाय बळ कसलं? वीस वर्षं हेच शिकवतेय, आणि तीच चूक माझ्या हातून लिहिली गेली.

जूनमध्ये मॅनेजर आप्पाजींनी सगळ्यांसमोर तुमचा अपमान केला, घरी बसा म्हणाले. आम्ही चौघं खाली बघत राहिलो. संध्याकाळी राजीनाम्यासाठी डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. तीन 'हो', एक 'नाही'.

सुहासला तेव्हा नुकतीच मुलगी झाली होती, म्हणून सगळ्यांनी परस्पर ठरवलं की तोच. तुम्हीही त्याच्याशी बोलणं टाकलंत. त्यानं ते नाकारलं नाही. मी नंतर कारण विचारलं, तर म्हणाला, "'मी नव्हे' म्हटलं की उरलेल्या तिघींमध्ये शोध सुरू होणार. असू दे, सरी, ठीक आहे."

असू दिलं. पाच महिने.

अवधूतची बेळ्ळंदूरची नोकरी त्याच आठवड्यात गेली होती. नवरा घरी बसलाय हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. हे कारण आहे की सबब, मला खरंच कळत नाही. कधी वाटतं, घरचं सांगितलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता, तू राहा. मग वाटतं, म्हणूनच सांगितलं नाही. परवानगी घेऊन केलं असतं तर ते माझं राहिलं नसतं. की भीतीच होती नुसती? आणि आज हे लिहितेय ते पश्चात्तापाने, की मांडवात सुहास दिसणार नाही आणि मी जेवायला बसेन हे चित्र सोसवत नाही म्हणून? माझा गोंधळ मिटत नाही.

एवढं नक्की आहे. ती चिठ्ठी माझी होती.

हे वाचलं की लगेच सुहासला फोन करा. पत्रिका त्याच्या घरी जाऊ द्या. मी येऊ की नको ते तुम्ही ठरवा, आणि यात कुणाचं एकमत घेऊ नका.

फ्रिजवरची पत्रिका मी अजून काढलेली नाही.

तुमची म्हणायची हिंमत होत नाही, म्हणून नुसतीच,
श्वेता