बाबा नसतील तर

६ नोव्हेंबर २०११, डुलुथ, अमेरिका

सात माणसं, सात खुर्च्या, पाच नियम — नऊ मिनिटांचं कोडं आणि मी चौदा मिनिटं खाल्ली! लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेत अशीच कोडी असतात, आणि ती तीन डिसेंबरला. एकतिसाव्या वर्षी हौस!

मिसेस टॅलबर्ट निवृत्त गणित शिक्षिका, दर रविवारी लायब्ररीत फुकट शिकवतात. जीभ मात्र निवृत्त नाही. सगळे नियम डोक्यात धरू नकोस म्हणे, चौकटी आख, 'असेल तर'च्या नियमाला बाण काढ.

९ नोव्हेंबर

बुधवार. गाडी आपोआप पुलापलीकडे वळली. दोन वर्षं दर बुधवारी केअर होममध्ये बाबांकडे जायचे. ते गेले त्याला पाच आठवडे झाले, हे गाडीला कोण सांगणार.

१३ नोव्हेंबर

सराव म्हणून घरचंच कोडं मांडलं. थँक्सगिव्हिंगचं टेबल, चार खुर्च्या. मी, सिल्वीआत्या, बाबा आणि माझा भाऊ रेइनो.

नियम रेइनोचाच. आठ वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात बाबा त्याला नाही नाही ते बोलले. तो माझ्याकडे बघत होता. मी भांडी विसळत राहिले. मग म्हणाला, "हे या घरात असतील, तर मी इथे पाऊल ठेवणार नाही."

लिहिलं: बाबा आहेत → रेइनो नाही. गेल्या सणाला आम्ही बाबांना घरी आणलं होतं, तो आला नाही. बरोबर! त्याखाली दुसरी ओळ: बाबा नाहीत → रेइनो आहे.

सणाला घरी ये, असा त्याच्या फोनवर निरोप ठेवला. पुलापलीकडे गोदीत काम करतो, वीस मिनिटांवर. लहानपणी जहाजाचा भोंगा ऐकून नाव ओळखायचा. मला अजून एकही ओळखता येत नाही. फार आठवण येते त्याची.

२० नोव्हेंबर

तो कागद वहीतून पडला आणि मिसेस टॅलबर्टच्या हाती लागला. त्यांनी दुसऱ्या ओळीवर काट मारली.

"नियम बाबा असतील तेव्हाचा आहे. नसतील तेव्हा काय, ते तो सांगतच नाही. तू मनाचं घातलंस."

मी म्हटलं, हा माझा भाऊ आहे, कोडं नाही. त्या म्हणाल्या, "मग बाण कशाला काढलास?"

राग आला. पेन्सिली गोळा करून निघून आले.

२३ नोव्हेंबर

सलगमाचा भाजलेला लगदा केला. रेइनोला वर करपलेला लागतो. करपवला.

२४ नोव्हेंबर

आला नाही.

आत्या म्हणाली, ताट उचल आता. नाही उचललं.

२७ नोव्हेंबर

मिसेस टॅलबर्टची माफी मागितली. चार कोडी, चौतीस मिनिटं. एकही बाण उलटा नाही.

२ डिसेंबर

उद्या परीक्षा. तिथे डिजिटल नाही, काट्याचंच घड्याळ नेता येतं; बाबांचं सेल घालून चालेल म्हणून केअर होममधून त्यांची पेटी आणली. त्यांचं घड्याळ कितीतरी वर्षं बंद पडलेलं — बघते तर चालू! पट्टाही नवा.

नर्स म्हणाली, "तुझ्या भावानं दुरुस्त करून आणलं. दर रविवारी यायचा ना. दोघं पत्ते खेळत बसायचे."

म्हणजे बाबांशी त्याचं केव्हाच मिटलं होतं.

तरी घरी आला नाही. त्या घरात मीही होते, भांडी विसळत.