राउटरवरच्या आठ डब्या

मंगळवार, संध्याकाळ. गारठा आहे.

विषारी कोळ्याची आठ पिल्लं थंडीत तगावीत म्हणून त्यांच्या डब्या कोमट राउटरवर ठेवतो. आज एक डबी रिकामी दिसली. सकाळी पाणी शिंपडल्यावर झाकण नीट लावलं नव्हतं, मीच.

तेवढ्यात शोभाताई फरशी पुसायला आल्या. सांगायला हवं होतं. पण घरमालकांच्या कानावर गेलं असतं तर? त्या टेबलाखाली हात घालून पुसत होत्या, अनवाणी. मी मात्र दोन्ही पाय खुर्चीवर घेतले.

त्या गेल्यावर झाकण उलटं केलं, तर पिल्लू आतून चिकटलेलं. म्हणजे सुटलो? छे. जाताना त्या म्हणाल्या होत्या, "दादा, पाय वर घेतलेत ते बरं केलंत. बाकीच्या घरांत कुणी जागचं हलत नाही."