यादीतलं वय

६ जुलै १९३६, मुंबई

अकरा जणी! मुलींच्या खोलीत आज मोजल्या. एकवीस पूर्ण झालेल्या अकरा, आणि मॅट्रिक तर सगळ्याच. नव्या कायद्यानं शिकलेल्या म्हणून आम्हाला मत आहे. फक्त आपापल्या गावच्या तालुक्याला अर्ज करायचा. अर्ज नाही तर यादीत नाव नाही, आणि नाव नाही तर मत नाही. बाकावर उभी राहून सांगितलं सगळं.

तर उत्तरं काय? "घरी विचारून सांगते." "आमच्याकडून दादा देतात ना मत!" "तू बस गं खाली, कुणी बघेल." विलायतेच्या बायका मतासाठी तुरुंगात गेल्या, हे इतिहासाच्या वहीत तांबड्या शाईनं उतरवून घेणाऱ्या ह्याच!

नीरा माझ्या शेजारी बसते. बोर्ली पंचतनची, वडील नाहीत, काकांच्या आधारानं शिकते. तर्कशास्त्रात सगळ्या कॉलेजात पहिली. तिनं एकच विचारलं, "यादीत वय छापतात का?"

"छापतात."

"मग मला नको."

मी सगळ्यांसमोर हसले. म्हटलं, वय छापलं म्हणून कुणी मरत नाही!

१३ जुलै

प्रिन्सिपॉलांनी बोलावलं. "कॉलेजात राजकारण नको." मी म्हटलं, सर, मी कुठल्याच उमेदवाराचं नाव घेत नाही, नुसतं नाव नोंदवा म्हणते. "तेच ते." सभेला परवानगी नाही!

जिन्यात पोरांचं टोळकं. "रतनबाई, निवडायचंच असेल तर तांदूळ निवडा!" सगळे खो खो हसले. आमच्यातल्या दोघीही हसल्या — ते जास्त झोंबलं. मी तिथंच विचारलं, तुमच्यापैकी किती जणांनी अर्ज केलाय? एकानं! वीस-पंचवीस तोंडं, आणि अर्ज एक.

जिवाचा नुसता संताप झालाय.

२४ जुलै

तीन अर्ज झाले. माझा, श्रीवर्धनच्या केसरचा, आणि आज नीराचा.

नीराचा भांडून मिळवला. म्हटलं, "तुझ्यासारखी हुशार मुलगी भ्याली तर बाकीच्यांना मी काय तोंडानं सांगू? शिकलीस तरी कशाला? जा, चूल फुंकत बस!" ती रडली. मग पदरानं तोंड पुसलं, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि सगळा अर्ज भरला. वयापाशी थांबली. चोवीस लिहिलं. माझ्याकडे न बघता कागद दिला.

पत्रपेटीत मीच टाकला. जिंकले!

२२ सप्टेंबर, किहीम

गणपतीला घरी आले. माझ्या अर्जाची चौकशी करायला आज तालुक्याच्या कचेरीत गेले. एकटी. कारकुनानं मान वर करून माझ्या मागे बघितलं.

"सोबत कोण आहे?"

"मीच आहे."

"बायकांना वाचता येतं का ते तपासायचा हुकूम आहे."

मॅट्रिकचा दाखला पुढे ठेवला. बी.ए.च्या वर्गात आहे, म्हटलं. त्यानं दाखला उलटासुलटा केला आणि कपाटातून मराठी तिसरीचं पुस्तक काढलं! कोल्हा आणि कावळ्याचा धडा. कचेरीतले सगळे लिहायचे थांबले. मी वाचला — खणखणीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. "पुरे, पुरे," म्हणाला, तरी थांबले नाही. मग त्याच्या डोक्यावरच्या फलकात ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका होत्या, त्या दाखवल्या.

घरी आल्या आल्या तो अख्खा धडा पुन्हा तसाच म्हणून दाखवला. आईला वाटलं ताप आलाय.

४ नोव्हेंबर, किहीम

दिवाळीची सुट्टी. चावडीवर यादी लागली. रतन हरिश्चंद्र राऊत, वय २२. बोट फिरवून बघितलं. छापलेलं नाव!

बाबा यादी बघून सरळ वाडीत गेले. जेवायलाही उशिरा आले.

१८ नोव्हेंबर

माझ्या नावाला हरकत आली म्हणून कचेरीत बोलावलं होतं. मला वाटलं, तो कारकूनच. नाहीतर गावातलं कुणी. साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

सही बाबांची.

ते मागच्या बाकावर बसले होते! माझ्याआधी येऊन. साहेबांनी विचारलं, "मुलगी मुंबईला मामाकडे राहते, इथं फक्त सुट्टीला येते, हे खरं?" बाबा उभे राहिले. "हो." तेवढंच. साहेबांनी माझ्या नावावर रेघ मारली. दोन मिनिटं पण लागली नाहीत.

वाटेत टांग्यात मी विचारलं, का? मग म्हणाले, "रत्ने, पोरं चावडीवर मोठ्यानं वाचतात. बावीस! बावीस! हरिश्चंद्राच्या घरात बावीस वर्षांची घोडी! वाडीत जायला मला रस्ता बदलावा लागतो."

हेच बाबा मला मुंबईला शिकायला पाठवताना सगळ्या गावाशी भांडले होते. तेव्हा घाबरले नाहीत! आता एका आकड्याला घाबरले.

आई म्हणते, "बाय, बापसावर राग नको धरू. मुरूडचं स्थळ यायचं हाय. त्यांनी यादी बघितली तं?"

"बघू दे."

"तुला काय जातंय बघू दे म्हनायला!"

मी ताटावरून उठले. चावडीवरच्या सगळ्या पोरांच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. आणि बाबांचा तो 'हो' — तो कानातून जातच नाही.

२७ नोव्हेंबर, मुंबई

कॉलेज उघडलं. नीराची जागा रिकामी. मला वाटलं बोट चुकली असेल. केसरनं बाहेर गॅलरीत नेऊन सांगितलं.

नीराला मुंबईचं स्थळ ठरत आलं होतं. शिकलेला मुलगा, लग्नानंतर परीक्षा दे म्हणणारा. पण काकांनी त्यांना मुलीचं वय सांगितलं होतं एकोणीस. नवऱ्या मुलाचा भाऊ बोर्लीला बोलणी करायला आला, आणि चावडीवर यादी! नीरा, वय २४. "खोटं बोलणाऱ्यांच्या घरची मुलगी नको," म्हणाला आणि पाणीसुद्धा न पिता उठला. काकांनी आठ दिवसांत दुसरं ठरवलं. हरिहरेश्वराच्या बाजूचा बिजवर, पदरी दोन मुलं. नीराचं कॉलेज बंद.

तिला माहीत होतं! घरात काय सांगून ठेवलंय ते सगळं तिला माहीत होतं, आणि काकांना उघडं पाडायला नको म्हणून गप्प राहिली. मी काय केलं? चूल फुंकत बस म्हटलं.

काकांचा राग येतो. त्या पाणी न पिणाऱ्या शहाण्याचा येतो. मुलीचं वय लपवायला लावणाऱ्या सगळ्यांचा येतो. पण अर्ज पेटीत कुणी टाकला? मी! वर जिंकले म्हणून लिहून ठेवलंय. वाचवत नाही ते पान.

११ डिसेंबर

नीराचं लग्न झालं.

१४ डिसेंबर

तिला पत्र लिहिलं. चार फाडली. पाचव्यात दोनच ओळी — माझं चुकलं, तुला जे बोलले ते सगळं चुकलं. केसरच्या भावाच्या हाती पाठवलं, नीराच्याच हातात दे म्हणून.

३ जानेवारी १९३७

उत्तर नाही. का द्यावं तिनं?

१५ फेब्रुवारी, किहीम

मतदान. मुद्दाम आले. शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहिले — आत जायचा हक्क नाही ना! उमेदवारांची माणसं गाड्या भरभरून मतदार आणतायत. एका गाडीतून भागुबाई उतरली, आमच्या शेजारची, नवऱ्याच्या शेतसाऱ्यामुळे यादीत आलेली. तिला विचारलं, कुणाला देणार? म्हणाली, "घरातल्यांनी सांगितलाय त्यालाच, बाय. मला काय ठाव?" मी तिच्यावरही चिडले. मग वाटलं, पुन्हा तेच करतेय मी! ह्या बाईशी सहा महिन्यांत एकदा तरी जाऊन बसले का?

बाबा मत देऊन बाहेर आले. माझ्याजवळ थांबले. टोपी काढून हातात धरली.

"पुढच्या वेळी तुझा अर्ज मी स्वतः नेऊन देईन."

"पुढच्या वेळी मी कुठल्या गावात असेन, ते तुम्हीच ठरवणार ना?"

मी निघाले.

२६ फेब्रुवारी, मुंबई

नीराचं पाकीट आलं! केसरच्याच भावाबरोबर. आत अर्धा कागद.

"मतदानाला गेले होते. सासरे एका उमेदवाराच्या बाजूचे, त्यांनीच गाडी जुंपली. बोर्लीच्या यादीत माझं नाव आहे कळल्यावर मलाही बसवून तिकडे नेलं. कुणाला द्यायचं ते वाटेत तीनदा म्हणून घेतलं. आत पडदा होता. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा एकटी उभी होते. घाई केली नाही. मत दिलं. कुणाला, ते तुलाही सांगणार नाही."