हीटरवरचं विरजण

आत्या, पाया पडते. दोन दिवस झाले, माझ्या डोळ्याला डोळा नाही. बाळामुळे नाही, ते ढाराढूर झोपतं (दोन दात आलेत, दोन्ही माझ्या खांद्यावर वापरून झाले). झोप उडाली ती दादाच्या कारखान्यातल्या एका बरणीपायी. तुझे गुडघे कसे आहेत? फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून लिहायला बसले.

दादाने मला तिथे झाडूपोछ्याला लावलं, तुला माहीतच आहे. तिथे भुसा, कडबा, जनावरानेही तोंड फिरवावं असला पाला शिजवतात आणि त्यात जंतू सोडतात. जंतू तो खाऊन स्पिरिट तयार करतात, ते पेट्रोलात घालून गाड्या पळतात. (आपल्याकडे खाऊन नुसते ढेकर देणारेच पाहिलेत, म्हणून मला पटायला वेळ लागला.) बरं, हे जंतू साधे नाहीत. साधा जंतू गरम पाण्याने मरतो, यांना गरमच लागतं. आपला हात पोळेल असल्या पाण्यात हे माझ्या सासऱ्यांसारखे निवांत पडून असतात.

मोठ्या टाकीत सोडायला थोडे जंतू एका बरणीत वाढवले होते. खाली हीटर, भोवती पांघरूण. दादाने तीन महिने बरणीला जपलं, एवढं वहिनीला बाळंतपणात जपलं नाही. मी विचारलं हे काय, तर म्हणाला, "विरजण आहे. हात लावू नकोस." आता आत्या, विरजण हीटरवर कोण ठेवतं? आंबून नाही का जाणार? तर परवा कोणीतरी हीटर बंद करून बरणी फ्रिजात ठेवली, साहेबांच्या डब्याशेजारी. सकाळी मी पाहिली आणि गुपचूप जागेवर ठेवून हीटर लावला. दुसऱ्याच्या चुकीने आपली झोप जाते, माझं मनच तसलं.

आता ते मेले की जगले, कसं कळावं? बाळ फार वेळ गप्प झोपलं तर मी त्याच्या नाकाशी बोट धरते. यांचं नाक कुठे शोधू? बरणी आधी गढूळ होती, आताही गढूळच आहे. शुक्रवारी मोठ्या साहेबांसमोर दादा ती टाकीत ओतणार. मेलेलं विरजण ओतलं तर टाकीभर पाला नासणार आणि दादाची नोकरी जाणार, कारण खोलीची किल्ली त्याच्याकडे असते (झाडायला म्हणून मला दिली होती, ते सोड).

त्याला तीनदा फोन लावला. तो "काय गं" म्हणतो आणि मी दातांचं सांगून ठेवून देते. आता तो बाळाला डॉक्टरकडे ने म्हणतोय. कारखान्यात समोर आला की मी बादली उचलून पळते.

तुझी भाची

ता. क. वर 'कोणीतरी' लिहिलंय ती मीच. तू ओळखलंच असशील.

आणखी एक. आत्याला अक्षर दिसत नाही, म्हणजे हे शेजारचं कोणीतरी वाचून दाखवतंय. तुम्ही जे कोणी असाल, परक्या माणसावर दादा ओरडत नाही. पाठीमागे त्याचा नंबर आहे. बरणी ओतायच्या आधी तपासून घे, एवढंच सांगा. आत्याला बाकीचं मग वाचून दाखवा, आधी त्याला फोन करा.