किरव्यांची भोकं

९ एप्रिल, रोहा
कालच्या नवरीचा फोन. "काका, माझं नाक बारीक करा, सासूबाईंना जरा गोरं करा." केलं. तीस वर्षं हेच. लोकांच्या पुटकुळ्या पुसायच्या, टकलं झाकायची. शिसारी आलीय या धंद्याची. स्टुडिओला कुलूप. स्कूटर, तंबू, कॅमेरा. चार दिवस एकटाच. एकच फोटो हवाय, ज्यात कुणी माझ्याकडे बघून हसत नाही.
सुमन म्हणाली, "जा एकदाचे. घरात धुसफुसण्यापेक्षा बरं."

१० एप्रिल, कोलाड
नदीकाठी तंबू टाकला. फ्रेममध्ये बाटल्या, चिप्सची पाकिटं, एक डायपर. किळस. उचलून मग फोटो काढायचा, म्हणजे पुन्हा नाक बारीक करणंच. गाशा गुंडाळला. पेणकडे.

११ एप्रिल, पेणचा खारेपाट
लोक वाळवंट बघायला पार राजस्थानात जातात. इथं ओहोटीला खाडीतल्या चिखलाच्या घळी माणूसभर खोल उघड्या पडतात, भेगाळलेली जमीन नजर जाईल तिथवर. हरखलो.
मिठागरावर हौसाबाई. साठीची, एकटीच राबते. तंबू टाकू का विचारलं. "टाक ना. पन बांधाव नको हां, तिकडं वर टाक."
वरून घळी दिसेनात. ती घरी गेल्यावर बांधावरच टाकला. मांडववाल्याच्या हातभर लोखंडी खुंट्या आणलेल्या, त्या ठोकल्या. अँगल जमेना म्हणून दोनदा उपटून सरकवला. बांधाच्या एका अंगाला भरतीचं साठवलेलं पाणी, दुसऱ्या अंगाला मिठाचा कप्पा.  

१२ एप्रिल
सकाळी तंबू आवरून वर चहा ठेवला, तोच हौसाबाईची हाक. बांध दोन हात खचलेला, माझ्या खुंट्यांच्याच जागी, पाणी कप्प्यात. काल समोर दिसत होतं, डोक्यात शिरलं नाही. आज ओढायचं मीठ विरघळून गेलं. ती घोटाभर गढूळ पाण्यात उभी.
आणि मी काय केलं? फोटो काढला. आधी फोटो.
"किरव्यांचं काम हाय," चिखलातल्या खेकड्यांवर चिडून ती म्हणाली. "भोकं पाडतात मेली."
मी म्हटलं, "व्हय." नुसतं व्हय. थू माझ्यावर.
दिवसभर तिच्याबरोबर चिखल भरला. तर मलाच म्हणते, "बरा मानूस हायस रं तू." निघताना म्हणाली, "फोटो दे हां मला. लेक म्हनते, आई तुला बांध राखायला जमत नाय, सोड आता मिठागर. तिला दावीन. माझी चूक नाय, किरव्यांची हाय."

१३ ते १६
काही लिहिलं नाही.  एका लग्नाला नाही म्हटलं.

१७ एप्रिल, रोहा
फोटो मोठा करून बघितला. आयुष्यातला सगळ्यात चांगला. कुणी हसत नाही. डाव्या कोपऱ्यात, खचल्या जागेला लागून चार भोकं. सरळ रांगेत, सारख्या अंतरावर. किरवी अशी रांग धरत नाहीत. हौसाबाईला एका नजरेत कळेल. लेकीलाही.
प्रिंट अख्खी काढली. सुमनला यातलं काही सांगितलेलं नाही. चहा घेऊन आली, बराच वेळ बघत राहिली. "काय बाई आहे हो! तो डावा कोपरा तेवढा उडवा, भोकं घाण दिसतात."
कात्रीही तिनंच आणून ठेवली. उद्या सकाळी पेणला निघायचं आहे.