नाना जाळाकडे गेले

३ मार्च २००४, घोडेगाव
उद्या गाडी बंद. गॅस एजन्सीचे शेठ म्हणाले, सगळ्या ड्रायव्हर-हेल्परांना सेफ्टीचं ट्रेनिंग, पुण्याहून मॅडम येणार. नाना हसले. "उभा जल्म गॅसच्या टाक्या उचलल्या. आता बाई शिकवणार व्हय?" मीही हसलो. नाना माझ्या टेम्पोवरचे हेल्पर, माझ्या वडिलांच्या वयाचे. भरलेली टाकी खांद्यावर घेऊन गप्पा मारत जिना चढतात.

४ मार्च
अजून कानात तो आवाज आहे.
गोडाऊनपासून लांब, नदीकाठच्या मोकळ्या रानात नेलं. मॅडम अगदी बारीक. पदर कमरेला खोचलेला. एका टाकीची रबरी रिंग काढली, रेग्युलेटर लावला अन् पेटवलं. जाळ माणसाच्या वर. आपलं बोलणं आपल्याला ऐकू येईना. आम्ही बापे सगळे मागं सरलो. मॅडम पुढं. पाठीवर वारा घेतला, भिजवलेलं गोणपाट हातांच्या पुढं धरलं, आणि चालता चालता आम्हाला ओरडून सांगतायत, "पळायचं नाही. घाई नाही." निजलेल्या लेकरावर पांघरूण घालावं तसं गोणपाट टाकलं. जाळ गेला. गेलाच! रेग्युलेटर काढला, टोपी बसवली. रान एकदम गप्प.
मग म्हणाल्या, टाकीला हात लावा. मला वाटलं भाजणार. गार! पोटाला दंव धरलेलं. वर एवढा जाळ आणि खाली दंव. हे पाठीशी घेऊन मी इतकी वर्षं गाव-गाव फिरतोय.
मग एकेकाने करायचं. मी केलं. कसं केलं आठवत नाही, भुवया थोड्या करपल्या. नाना निघाले, पण अर्ध्यात थांबले. पाय पुढे जाईनात.
मॅडमनी विचारलं, "भीती वाटते का, नाना?"
"लई."
कुणी हसलं नाही. मॅडम म्हणाल्या, "बरं. बसा. नुसतं बघा."
शेवटी आम्हा ड्रायव्हरांना बजावलं: आग दिसली की भरलेली गाडी आधी लांब न्यायची. काहीही होवो. पेटलेल्या घरात कुणीही असो.

९ मार्च
राजुरीची फेरी. नाना आता टाकी आपटत नाहीत. प्रत्येक घरी रिंग बघतात, साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघतात. उशीर होतो. शेठ ओरडले. नाना म्हणाले, "ओरडा राव."

२२ मार्च
लिहून टाकतो.
पारगाव. कारखान्यातल्या एका फिटरच्या घरापुढं टाकी द्यायला थांबलो. आतून किंकाळी. नव्या सूनबाईने स्वतःच टाकी बदलली, रिंग जुनी, फाटलेली. शेगडी पेटवली तसा रेग्युलेटरनेच पेट घेतला. चूल-खोली एवढीशी, दार एकच. दाराजवळ टाकी पेटलेली आणि पोरगी पलीकडच्या कोपऱ्यात.
माझा टेम्पो दारात. भरलेला.
नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "गाडी ने." एवढंच.
नेली. याहून जड काम मी आयुष्यात केलेलं नाही. आरशात बघतोय — नानांनी दोरीवरची गोधडी ओढली, गुरांच्या हौदात बुडवली, ती निथळतीच पुढं धरली आणि चालत आत गेले. पळाले नाहीत. चालत. मग वळणावर आरशात नुसता ऊस.
गाडी लांब लावून पळत मागं आलो. धूर होता, आवाज नव्हता. सूनबाई ओट्यावर, शेजारणी तिला पाणी पाजतायत. धड आहे. केस तेवढे करपलेत. नाना हौदात कोपरापर्यंत हात बुडवून बसलेले. पोरगी म्हणाली, "हे बाबा सारखं म्हणत व्हते, माझ्याकडं बघ पोरी, जाळाकडं नगं बघू."
मला नानांच्या तोंडाकडे बघवेना. देवळात गेल्यावर लोकांना होत असेल तसं काहीतरी झालं. आम्ही देवळात जाणारी माणसं नाही, तरी दुसरा शब्द नाही.

२५ मार्च
नानांच्या हाताला फोड आलेत, डॉक्टर म्हणाले भरून येईल. लोक बघायला येतायत. नाना गोठ्यात जाऊन बसतात. नानी मला म्हणाली, "झोपेत 'पोरी, पोरी' करत्यात."

१४ एप्रिल
जयंती. सुट्टी. नाना दरसालसारखे जिलेबी घेऊन आले, हाताला पट्टी. आमच्या वस्तीतल्या पोरांनी खुर्ची दिली, हार घालू बघितला, तो त्यांनी बाबासाहेबांच्या फोटोला घातला. निघताना विचारलं, भीती कुठं गेली नाना त्या वेळी?
"कुटं जाती? व्हती की. मी चाललो तर ती बी संगं आली."
टेम्पोवर परत कधी येणार, हे विचारलं. बघू म्हणाले.

२ मे, जुन्नर
मॅडमचा निरोप होता. इथल्या ड्रायव्हरांचं ट्रेनिंग, नानांनी चार शब्द बोलावेत. नाना नको नको म्हणत होते. सकाळी धुतलेला सदरा घालून स्वतःच गाडीत येऊन बसले.
हॉल भरलेला. गॅसवाले, दूधवाले, टोमॅटोचे पिकअपवाले. मागे टवाळी चाललेली. मॅडमनी नाव पुकारलं. नाना उभे राहिले.
मग म्हणाले, "तुमच्यात भितं कोण?"
कुणी हलेना. टवाळी थांबली.
नानांनी स्वतःचा हात वर केला. तळव्याची नवी कातडी गुलाबी. हात वरच ठेवून सगळ्यांकडे बघत राहिले. वाट बघत.
कडेच्या रांगेतून एक हात वर आला, दूधवाल्याचा. मग आणखी एक.