आबांच्या नावाची डबी

१८ नोव्हेंबर, मंगळवार

तपासणीला थुंकीच्या तीस डब्या द्यायच्या होत्या. एकोणतीस भरल्या. तिसावी कोंडाजी आबांची — तिनंच घात केला!

आबा माझे चुलत सासरे, घर भिंतीला भिंत लावून. बिडीचा खोकला जुना, म्हणून यादीत त्यांचं नाव मीच घातलं. सकाळी डबी घेऊन गेले, पदर सावरून उभी राहिले. म्हणाले, "सुनंम्होरं थुकायचं? आमच्यात न्हाई चालत त्ये. जा, घिऊन जा ती डबी." संदेश, त्यांचा मुलगा, धरणाकडच्या पर्यटकांच्या तंबूंवर कामाला, तो पहाटेच गेलेला. घरात सविता. तीही सूनच! डबी धरणार कोण? आणि खरं सांगायचं तर मलाही मान वर करून दुसऱ्यांदा म्हणवेना. गावभर "खोकला लपवू नका" म्हणून ओरडत हिंडणारी मी!

अकराला नमुन्यांची गाडी. प्रमोदिनी मॅडमचे तीन फोन — आम्हा आशाताईंवर त्यांचीच देखरेख. "अनिता, तीसचे तीस हवेत हं. गाव टीबीमुक्त जाहीर व्हायचंय."

पावणेअकराला मोरीत गेले. भात झोडल्यापासून मलाही खोकला आहेच. आबांच्या डबीत मीच खोकले. झाकण घट्ट लावलं.

एवढंच. कुणाचं काय गेलं!

२४ नोव्हेंबर

एकोणतीस स्वच्छ. एक पॉझिटिव्ह — कोंडाजी आबा.

म्हणजे मी.

२५ नोव्हेंबर

 हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

वडगावच्या प्रशिक्षणात भिंतीवर जगाच्या उद्दिष्टांचा, रंगीत चौकोनांचा तक्ता होता. तिसरा चौकोन आरोग्याचा. मॅडम म्हणाल्या होत्या, "टीबी संपवायला जगानं २०३० धरलंय, आपण आधी करून दाखवायचं." सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या. आता त्या जगाला तोंड कसं दाखवू?

सांगून टाकावं? काम जाईल. बाळंतिणी मला बाळाला हात लावू देणार नाहीत. माझा नवरा निलेश, त्याच्या जीपमध्ये पवनानगरपर्यंत कोण बसेल? त्यालाही सांगायचा धीर नाही.

पण एक वाट आहे. औषधं माझ्याच हातात येणार, रोज समोर बसून गिळवायचं कामही माझंच. आबांच्या गोळ्या मी खाईन. त्यांना माझ्याकडच्या लोहाची एक आणि कॅल्शियमच्या दोन. सहा महिन्यांत दोघंही मोकळे. कागदावर रुग्ण एक, खरोखरही एकच!

डॉक्टर म्हणाले, म्हाताऱ्यांना छातीच्या फोटोला आणा. मी म्हटलं, हट्टी आहेत, येत नाहीत. खोटं तरी केवढं सराईतपणे बोलते मी!

२७ नोव्हेंबर

सुरू झालं. सकाळी चहाच्या आधी मी तीन गिळल्या, मग आबांकडे गेले. लघवी लाल-केशरी झाली. "घाबरू नका, गोळीचा रंग असतो" असं आजवर कितीजणांना सांगितलंय, तरी मोरीत तांब्यावर तांब्या पाणी ओतलं. आबांना पढवून ठेवलंय, कुणी विचारलं तर "व्हय, लाल हुती" म्हणायचं. बिचारे म्हणाले, "तू सांगशील त्ये म्हणंन."

सविताने आबांची बाज गोठ्याच्या पडवीत हलवली. ताट-तांब्या वेगळा केला. चार वर्षांची चिऊ, त्यांची नात, हाका मारत होती, तिला दंडाला धरून ओढून नेलं.  आबा नुसते गुरांकडं बघत बसले.

घरातल्या माणसांना आजार होऊ नये म्हणून त्यांच्याही गोळ्या आल्यात. मोठ्यांनी घेतल्या. चिऊ ओकली. सविता म्हणाली, "ताई, लेकराला सोसंना वं." मी म्हटलं, राहू दे. डबा घरी घेऊन आले. निरोगी म्हाताऱ्याच्या नातीला कशाला कडू औषध?

तिच्या कार्डावर मात्र खुणेवर खूण.

३ डिसेंबर

आबांच्या हातात भाकरी लांबूनच टेकवतात. मी केलं हे.

१४ डिसेंबर

आज थोडं बरं वाटलं. सविताला समजावलं — पंधरा दिवस गोळ्या पोटात गेल्या की आजार पसरत नाही, चिऊला खुशाल जाऊ दे. हे खरंच आहे, पुस्तकात लिहिलंय. फक्त गोळ्या कुणाच्या पोटात गेल्या ते बोलले नाही. पण आबांना मुळात काही नाहीच, मग घाबरायचं कशाला?

"ताई, नक्की ना?" तिनं दोनदा विचारलं.

"माझा शब्द."

चिऊ धावत गेली ती थेट मांडीत. आबांनी तिच्या केसांत तोंड खुपसलं. मी भिंतीकडं वळून डोळे पुसले. आता दिवसभर ती गोठ्यातच असते. दुपारी त्यांच्याच गोधडीत झोपते.

२८ डिसेंबर

आबांचा खोकला वाढलाय. पडवीत थंडी मी म्हणते! वारा सरळ धरणावरून येतो. त्यात लपूनछपून बिडी. संदेशला झापलं, "बापाची बाज आत घे. आजार पसरत नाही म्हणून सांगितलं ना?" घेतली एकदाची. घोंगडीही दिली माझ्याकडची.

वजन घ्यायचा दिवस होता. आबांच्या कार्डावर माझं लिहिलं. ४६ चं ४८.

१० जानेवारी

माझा खोकला गेला. भूक लागते. निलेश म्हणाला, "अगं, गालावर तेज आलंय तुझ्या." लाज वाटली.

आबांचा सदरा खांद्यावर लोंबतोय. शेंगदाणे, डाळ सगळं देतात त्यांना, तरी अंगी लागत नाही. वय झालं, दुसरं काय. आज ठरवून गेले होते — आज सांगायचंच. पाय धरायचे, काय ते होऊ दे. तळहातावर गोळ्या ठेवल्या तर म्हणाले, "लेकी, तुज्या हातानं घितो म्हनून तर जगलोय. आमचं आमचं म्हननाऱ्यांनी बाज भाईर टाकली. तू रोज येतीस."

सांगवलं नाही. किती भित्री आहे मी. दुसऱ्यांच्या दारात तेवढी जीभ चालते.

२२ जानेवारी

दोन महिने होत आले, पुन्हा थुंकी तपासायची. मी मोरीत जायच्या बेतातच होते, तर प्रमोदिनी मॅडम स्वतः हजर! "चल, आबांना भेटू." डबी त्यांच्याच पर्समध्ये.

आबांनी माझ्याकडं बघून मान फिरवली. मॅडमच्या ध्यानात आलं. म्हणाल्या, "अनिता, तू जरा अंगणात जा गं. आबा, मी पाठ करून उभी राहते." दोन मिनिटांत डबी भरली!

दोन मिनिटं. नोव्हेंबरात मी अंगणात थांबून दुसऱ्या कुणाला आत पाठवलं असतं तर? अंगणवाडीच्या बाईंना, शिपायाला, कुणालाही! हे मला का सुचलं नाही? सुचलं असेलही. अकराला गाडी होती ना.

असो. आबांचा नमुना स्वच्छच येणार. म्हाताऱ्याची सुटका होईल, आणि राहिलेल्या गोळ्यांचं मी बघेन.

२७ जानेवारी

डॉक्टरांनी आबांना जीप करून बोलावून घेतलं. मीही गेले. नमुन्यात जंतूच जंतू. छातीचा फोटो काढला, डावीकडं पांढरं धुकं. डॉक्टर म्हणाले, हे दोन महिन्यांतलं नाही, जुनं आहे.

जुनं. म्हणजे नोव्हेंबरातही होतं. दोन रुग्ण होते गावात, आणि औषध एकाचं.

डॉक्टर चिडले. "गोळ्या लागू पडत नाहीत, नाहीतर यांनी चुकवल्यात. आबा, खरं सांगा." आबांना धाप लागली होती, तरी उठून बसले. "एकबी न्हाई चुकवली सायेब. ह्या सूनबाईनं रोज हातानं दिल्यात. तिला काय बोलू नगा."

मी तिथंच होते. आबांच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

२८ जानेवारी

सकाळी सविता दारात आली. "ताई, चिऊला चार दिस ताप येतोय. खोकतीया बी. तुमी शब्द दिलता म्हनून म्या घाबरले न्हाई. थंडीचंच आसंल ना?"

मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं. त्या निघाल्यात.

चिऊच्या गोळ्यांचा डबा माझ्या फडताळात आहे. जवळजवळ भरलेला.